इव्हॉल्व्ह होणं म्हणजे नक्की काय होणं?

जुळे सोलापुरात माझ्या घरी संध्याकाळी दहावीची पोरं इंग्रजीला येतात, बहुतेक सेमीवालीच, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतनं आणि बाकी सगळं मराठीतनं. मागच्या आठवड्यात त्यातली एक मुलगी वही उघडून माझ्यासमोर बसली. तिच्या वडलांचा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत चादरीचा कारखाना आहे. एकच शब्द तिनं तीन ठिकाणी पेन्सिलीनं गोल केला होता. केमिस्ट्रीच्या नोट्समध्ये, झिंकवर डायल्यूट ॲसिड टाकलं की हायड्रोजन इव्हॉल्व्ह होतो. बायोलॉजीच्या पहिल्याच धड्यात माणूस इव्हॉल्व्ह झाला. आणि तिचा भाऊ पुण्यात जॉबला आहे, त्याच्या कंपनीच्या मेलमध्ये होतं की आपली टीम इव्हॉल्व्ह होत आहे. "मॅडम, मोबाईलवर अर्थ बघितला तर उत्क्रांत होणे असं येतंय, मग हायड्रोजन पण उत्क्रांत होतो का?"

प्रश्न इतका नेमका होता की त्या दिवशी ग्रामर बाजूलाच राहिलं. तेव्हा जे बोलले आणि नंतर घरी बसून जे अजून आठवलं ते सगळं हितं लिहिते, कारण हा शब्द आपण सगळेच वापरतो, पेपरात वाचतो, मीटिंगमध्ये ऐकतो, आणि त्याच्या पोटात तीन-चार वेगवेगळे अर्थ एकमेकांना चिकटून बसलेत.

सुरुवात लॅटिनपासून करू. लॅटिनमध्ये 'व्होल्व्हेरे' म्हणजे गुंडाळणं, फिरवणं, गरगर लोळवणं. त्याच्याआधी 'ए' लावला की 'बाहेर'. म्हणजे 'एव्होल्व्हेरे' म्हणजे गुंडाळलेलं बाहेर काढणं, उलगडणं. रोमन लोकांची पुस्तकं आपल्यासारखी पानांची नव्हती, लांबच लांब गुंडाळ्या असायच्या, जन्मपत्रिकेची जुनी गुंडाळी असते तशा, आणि वाचायचं म्हणजे एका हातानं सोडत जायचं आणि दुसऱ्या हातानं गुंडाळत जायचं. त्यामुळं पुस्तक 'एव्हॉल्व्ह' करणं म्हणजे सरळ पुस्तक वाचणं असाच अर्थ होता! याच घरातले बाकीचे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. पुस्तकाचा व्हॉल्यूम म्हणजे मुळात ती गुंडाळीच. रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्याचं चाक फिरतं ते. आणि पुण्याला जाताना आपण जिला व्होल्वो म्हणतो, त्या नावाचा लॅटिनमधला अर्थ आहे 'मी गरगर फिरतो', कारण ते नाव आधी बॉल बेअरिंगसाठी काढलेलं होतं.

मी त्या मुलीला म्हटलं, कपाटातली चादर आण. घडी घातलेली सोलापुरी चादर आणली तिनं. म्हटलं आता उलगड. उलगडल्यावर मधला मोर दिसला, काठाची नक्षी दिसली. मी विचारलं, हा मोर आत्ता तयार झाला का? ती म्हणाली नाही, तो तर कारखान्यातच विणला गेला, जॅकार्डच्या भोकांच्या पुठ्ठ्यांवर सगळं आधीच ठरलेलं असतं, कुठला धागा वर कुठला खाली. बरोब्बर. इव्होल्यूशनचा पहिला, जुना अर्थ हाच आहे, आधीपासून आत असलेली गोष्ट हळूहळू उघडी पडत जाणं. नक्षी ठरलेली, फक्त घडी सुटायची बाकी. हायड्रोजनवालं वाक्य याच जुन्या अर्थाच्या जवळचं आहे, तिथं फक्त 'बाहेर येणं' एवढाच भाग उरलाय. ॲसिडमधला हायड्रोजन बुडबुड्यांनी बाहेर पडला, वायू सुटला, संपलं. त्याला उत्क्रांती म्हणायचं नाही आणि मोबाईलवरच्या भाषांतराचं तिथं अजिबात ऐकायचं नाही.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात दिसायला लागतो आणि सुरुवातीच्या वापरात तो सैन्याच्या कवायतीसाठीही आहे, रांगेत असलेली तुकडी ठरलेल्या पद्धतीनं उलगडून मैदानात पसरते ती हालचाल. गणितातही तो होता, वर्गमूळ-घनमूळ काढण्याला इव्होल्यूशन म्हणायचे. हे अर्थ आता मागं पडलेत.

पण अठराव्या शतकात एक फार महत्त्वाची गोष्ट झाली. तेव्हा मोठा वाद होता की अंड्यातनं पिल्लू तयार कसं होतं. एका गटाचं म्हणणं असं की पिल्लू तयार होतच नाही, ते आधीच सगळ्या अवयवांसकट इवल्याशा रूपात आत असतं आणि फक्त मोठं होतं, उलगडतं. काही जण तर इथवर गेले की पुढच्या सगळ्या पिढ्या एकात एक अशा पहिल्या आईच्या पोटातच भरून ठेवल्यात, डब्यात डबा असतो तशा. स्विस शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त फॉन हालरनं १७४४ साली याच कल्पनेला इव्होल्यूशनचं नाव दिलं. म्हणजे बघा, बायोलॉजीत हा शब्द आला तो आजच्या जवळजवळ उलट अर्थानं! नवीन काहीच घडत नाही, जे आहे तेच उघडतं, असा. पुढं १७५९ साली कास्पार वोल्फनं कोंबडीच्या अंड्यांचं निरीक्षण करून दाखवलं की पिल्लाचे अवयव टप्प्याटप्प्यानं नव्यानं बनतात, आधीपासून तयार नसतात, आणि हळूहळू ती जुनी कल्पना गेली. शब्द मात्र मोकळा होऊन पडून राहिला, रिकाम्या घरासारखा, आणि त्यात नवीन भाडेकरू आले.

आता डार्विन. पोरांना ही गोष्ट सांगितली की खरी वाटत नाही त्यांना, पण १८५९ साली डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे जगप्रसिद्ध पुस्तक आलं त्याच्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्द एकदाही नाही. तो जे सांगत होता त्याला तो 'फेरफारासह वंश पुढं जाणं' अशा अर्थाचे शब्द वापरत होता. फक्त पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द तेवढा 'इव्हॉल्व्हड' आहे. पुढं १८७१ आणि १८७२ पर्यंत त्यानंही तो शब्द घेतला, कारण तोपर्यंत लोकांच्या तोंडी तोच बसला होता. आणि तोंडी बसवण्यात मोठा हात हर्बर्ट स्पेन्सर या विचारवंताचा. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्दपण त्याचेच, १८६४ चे, डार्विनचे नव्हेत. स्पेन्सरच्या डोक्यात इव्होल्यूशन म्हणजे प्रगती होती, साध्याकडून गुंतागुंतीकडं, खालून वर, आणि हे त्यानं प्राण्यांपासून समाजापर्यंत सगळ्याला लावलं. त्याचा परिणाम काय झाला तर काही माणसं 'जास्त इव्हॉल्व्ह झालेली' आणि काही 'मागं राहिलेली' असली भाषा सुरू झाली, आणि गोऱ्या राज्यकर्त्यांना ती किती सोयीची होती हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. मला या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण ज्या विज्ञानाच्या नावावर हे खपवलं गेलं त्या विज्ञानात असली शिडी नाहीच.

तर बायोलॉजीत नक्की काय म्हणायचंय? मी आपल्याकडच्या ज्वारीवरनं समजावते. मंगळवेढ्याकडं, मोहोळकडं ज्वारी करणाऱ्या जुन्या लोकांना विचारा, बियाणं कसं ठेवायचे. उभ्या रानात फिरून भरलेली, टपोरी कणसं हेरायची, ती वेगळी काढायची आणि पुढच्या वर्षी तीच पेरायची. एका कणसात काही बदल होत नाही, कणीस आहे तसंच आहे. पण दरवर्षी कुठली कणसं पुढं जाणार हे ठरत गेलं की वीस-पंचवीस वर्षांत सगळं रानच वेगळं दिसायला लागतं. मालदांडी अशीच स्थानिक ज्वारीतनं मोहोळला निवडून काढलेली आहे. आता या गोष्टीतनं शेतकरी काढून टाका आणि त्याच्या जागी ऊन, पाऊस, रोग, उपासमार ठेवा. कोण जगतं, कुणाला पोरं होतात, हे परिस्थिती ठरवते. डार्विननं पुस्तकाची सुरुवात पाळलेल्या कबुतरांपासून आणि शेतातल्या पिकांपासून केली ती याचसाठी, म्हणजे त्याला माहीत होतं की लोकांना आधी हे पटेल.

सगळ्यात मोठी चूक इथं होते, आणि ती शिकलेली माणसंही करतात. "ढेकणांना औषधाची सवय झाली", "डासांना आता डीडीटी चालत नाही, सवय पडली त्यांना". सवय कुणालाच पडली नाही हो. ज्यांना औषध लागू पडलं ते डास मेले. हजारात एखादा असा होता की ज्याच्या अंगात जन्मापासूनच थोडा फरक होता म्हणून तो वाचला, त्याची पिल्लं झाली, आणि आता घरात जे डास आहेत ते सगळे त्या वाचलेल्याच्या खानदानातले. एक डास बदलला नाही, डासांची जमात बदलली. बायोलॉजीत एक जीव इव्हॉल्व्ह होत नाही, जमात होते, पिढ्यान्‌पिढ्या. हे एवढं डोक्यात बसलं की अर्धा धडा झाला असं समजा.

म्हणून पोरं पोकेमॉनचं उदाहरण देतात तेव्हा मी थांबवते. पिकाचू इव्हॉल्व्ह होऊन रायचू होतो, पण तो एकच प्राणी आहे, त्याचंच रूप बदलतं. त्याला मराठीत रूपांतरण म्हणतात, सुरवंटाचं फुलपाखरू होतं ते. आणि आकाशातल्या ताऱ्यांचं शास्त्र शिकणारेपण 'स्टेलर इव्होल्यूशन' म्हणतात, तिथंही एकच तारा असतो. आपला सूर्य साधारण ४६० कोटी वर्षांचा आहे आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगून लाल राक्षसी तारा होईल, हा सगळा त्याचा एकट्याचा प्रवास, जन्म-तारुण्य-म्हातारपण. म्हणजे तिथं पुन्हा तो जुना, चादर उलगडण्याचाच अर्थ आहे. चूक कुणाचीच नाही, पण कुठल्या घरात बसून बोलतोय ते कळलं पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे इव्होल्यूशन म्हणजे सुधारणा. ते चित्र सगळ्यांनी पाहिलंय, डावीकडं वाकलेलं माकड आणि उजवीकडं सरत सरत ताठ चालणारा माणूस. रुडॉल्फ झालिंगर या चित्रकारानं काढलेलं ते मूळ चित्र १९६५ साली छापलं गेलं आणि त्यानंतर टीशर्टपासून शाळेच्या भिंतींपर्यंत सगळीकडं पोचलं. त्या चित्रानं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या चुकीच्या वाक्यानं केलं नसेल. चिंपांझी आपला पणजोबा नाही, चुलतभाऊ आहे, दोघांचा पूर्वज एक होता आणि साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. चिंपांझीपण तेवढाच काळ इव्हॉल्व्ह होत आलाय जेवढा आपण. आणि बदल 'वर'च जातो असंही नाही. अंधाऱ्या गुहेतल्या काही माशांचे डोळे पिढ्यांनी गेले. सापांचे पाय गेले. आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीला स्वतःची पचनसंस्थाच उरली नाही, आयतं पचलेलं मिळतंय तर कशाला लागते. याला प्रगती म्हणणार का अधोगती? दोन्ही शब्द तिथं लागूच होत नाहीत.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण दुष्काळाचं आहे, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, १९७२ च्या आठवणी अजून घराघरात आहेत. पॅसिफिक महासागरात गॅलापागोस नावाची बेटं आहेत, त्यातल्या एका छोट्याशा बेटावर, डॅफ्ने मेजर त्याचं नाव, पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे नवरा-बायको १९७३ पासून फिंच नावाच्या चिमण्यांएवढ्या पक्ष्यांचा अभ्यास करत होते. एकेक पक्षी पकडायचा, चोच मोजायची, पायात रंगीत कडी घालायची आणि सोडायचा. १९७७ साली तिथं पाऊसच पडला नाही. बारीक बिया संपल्या, उरल्या त्या मोठ्या, टणक. लहान चोचीवाल्यांना त्या फुटेनात, बहुतेक पक्षी मेले. जगले त्यांच्यात मोठ्या चोचीवाले जास्त, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीनं थोडी मोठी निघाली. थोडी म्हणजे किती, जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण जगणं-मरणं त्या अर्ध्या मिलिमीटरवर ठरलं. पुढं १९८३ च्या आसपास तिथं धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला, आणि आता बारीक चोचीवाल्यांचं बरं चाललं, काटा उलटा फिरला! मग मोठी चोच 'जास्त इव्हॉल्व्ह झालेली' का लहान? तसं काही नसतं, त्या वर्षी रानात कुठल्या बिया आहेत तेवढंच असतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आणि लाखो वर्षं लागतात म्हणतात ते पण इथं काही वर्षांत माणसांच्या डोळ्यांदेखत घडलं.

आता आपल्या मराठी शब्दाकडं येते, कारण गोंधळाचा अर्धा वाटा त्याचापण आहे. उत्क्रांती. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, चालणं. 'उत्' म्हणजे वर किंवा बाहेर. संस्कृतात उत्क्रांती हा शब्द फार जुना आहे आणि वेदान्तात त्याचा अर्थ काय तर शरीरातनं जीव निघून जाणं! ब्रह्मसूत्रांत तो या अर्थानं आलाय. म्हणजे 'बाहेर पाऊल टाकणं', आणि लॅटिनमधला 'ए' पण बाहेरच. शब्द जोडणाऱ्यानं फार विचार करून जोडलेला दिसतो. पण आपल्या कानाला 'उत्' म्हटलं की उन्नती, उत्कर्ष, उत्तम हेच ऐकू येतं, त्यामुळं मराठी माणसाला उत्क्रांती ही वरच चढणारी वाटते. शब्दाचा दोष नाही, कानाचा आहे.

आणि याच 'क्रम्'चं कुटुंब सोलापूरकरांनी तरी ओळखलंच पाहिजे, कारण आमच्याकडं दर जानेवारीत ते एकाच आठवड्यात भेटतं. १२ जानेवारीला हुतात्मा दिन. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १९३१ च्या १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. ती क्रांती. आणि लगेच संक्रांत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक. क्रांती म्हणजे ओलांडणारं एकच मोठं पाऊल, संक्रांत म्हणजे सूर्याचं एका राशीतनं दुसऱ्या राशीत जाणं. गंमत बघा, इंग्रजीतपण असंच घराणं आहे. रिव्होल्यूशन म्हणजे आधी आकाशातल्या ग्रहगोलांचं फिरणं, कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या नावातच तो शब्द आहे, राजकीय उलथापालथीचा अर्थ नंतर चिकटला. आणि आपल्याकडं सूर्याच्या आकाशातल्या मार्गाला आजही क्रांतिवृत्तच म्हणतात. म्हणजे दोन्हीकडं क्रांती आकाशातनं खाली आली. इव्होल्यूशन-रिव्होल्यूशन, उत्क्रांती-क्रांती, जोड्या किती छान जमल्यात.

आता वापराचं पटकन सांगते, परीक्षेला आणि ऑफिसला दोन्हीकडं लागतं. इव्हॉल्व्ह हे बहुतेक वेळा आपोआप होणारं क्रियापद आहे, म्हणून 'ह्यूमन्स आर इव्हॉल्व्हड' असं आपली पोरं लिहितात त्यापेक्षा 'हॅव इव्हॉल्व्हड' लिहायचं. कशापासून हे सांगायला पुढं 'फ्रॉम', कशात हे सांगायला 'इन्टू'. कुणीतरी मुद्दाम घडवलं अशा अर्थानंही चालतं, आपल्याकडं पेपरात 'सहमती इव्हॉल्व्ह करणं' नेहमी येतं, म्हणजे चर्चा करून करून घडवणं. एका दिवसात झालेल्या बदलाला मात्र हा शब्द लावायचा नाही. दर बदलले, मॅनेजर बदलला, हे 'चेंज'. आणि त्या भावाच्या कंपनीच्या मेलमध्ये टीम इव्हॉल्व्ह होतेय म्हणजे काय, तर कामाची पद्धत हळूहळू बदलतेय असा चांगला अर्थ असू शकतो, पण माणसं कमी करायची असली तरी हाच गुळगुळीत शब्द वापरतात, तेव्हा ओळ नीट वाचा, कोण बदलतंय आणि कशात हे लिहिलंय का बघा. लिहिलेलं नसेल तर सरळ विचारा.

मराठीत लिहिताना प्रत्येक इव्हॉल्व्हला उत्क्रांत करायची गरजच नाही, आपल्याकडं त्याच्यासाठी क्रियापदातच सोय आहे. 'बदललं' आणि 'बदलत गेलं' यातला फरक बघा. 'शहर वाढलं' आणि 'शहर वाढत गेलं'. ते '-त जाणं' म्हणजे हळूहळू, वाटेत थांबत, कुणाच्या एकाच्या हुकमाशिवाय. 'होत आलं', 'घडत गेलं', 'रुळत गेलं', यातलं काहीही घ्या, उत्क्रांतीपेक्षा कितीतरी जवळचं बसतं. भाषाच घ्या की. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे, 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आणि आपल्याला आजपण अंदाज येतो! त्या 'होईवा'चं 'होईल' कुठल्या दिवशी झालं? कुठल्याच नाही. कुठल्याच आईला आपलं लेकरू वेगळी भाषा बोलतंय असं वाटलं नसणार, तरी भाषा बदलत गेली. आणि आमची सोलापुरी, कन्नड-तेलुगूच्या शेजारानं तिचं वळण पुण्यापेक्षा वेगळं होत गेलं, म्हणून ती मागं राहिली असं कुणी म्हणत असेल तर त्याला ती फिंचची चोच दाखवा.

तास संपायच्या आधी मी त्या मुलीला इंग्रजीत एक वाक्य लिहायला सांगितलं, घरच्याच विषयावर, तिचे आजोबा हातमागावर बसायचे, वडलांनी पॉवरलूम घेतले, आता नवीन ऑटोलूम आलेत. तिनं पहिल्यांदा लिहिलं 'माय ग्रँडफादर इव्हॉल्व्हड'. मग पेन तोंडाशी धरून जरा वेळ बघत बसली. म्हणाली, "नाही मॅडम, आजोबा शेवटपर्यंत हातमागच चालवत होते, आजोबा नाही बदलले." आणि खोडून तिथं लिहिलं, 'अवर वर्क'.